‘तीन प्लस काढून द्या’ म्हणण्याआधी
(गेमचं वयाचं रेटिंग आमच्याकडून करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

गेम पूर्ण व्हायला आला की आम्हाला येणारा निरोप बहुतेक वेळा एकाच वाक्याचा असतो : “गेम सगळ्यांसाठी आहे, तेवढं तीन प्लस काढून द्या.” हे माहितीपत्रक त्या वाक्यासाठी लिहिलं आहे. तीन प्लस म्हणजे तीन वर्षांपासून पुढे सगळ्यांना चालेल असं रेटिंग. रेटिंग गेममध्ये काय आहे त्यावरून निघतं. आकडा आधी ठरवून मग त्याला जुळतील अशी उत्तरं भरली, की रिलीजची तारीख हमखास पुढे जाते.

प्ले स्टोअर, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो, प्लेस्टेशन या सगळ्या दुकानांत आयएआरसी नावाची एकच प्रश्नावली चालते. 2013 साली वेगवेगळ्या देशांच्या रेटिंग मंडळांनी मिळून ती व्यवस्था उभी केली. आपण एकदा उत्तरं भरायची. त्यातून अमेरिकेसाठी ईएसआरबी, युरोपसाठी पेगी, जर्मनीसाठी यूएसके आणि ब्राझील, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया यांचीही रेटिंगं एकदम तयार होतात. प्रत्येक देशाचे निकष वेगळे, त्यामुळे एकाच गेमचे आकडे देशागणिक वेगळे आले तर घाबरू नका. भारतात गेमला रेटिंग देणारं सरकारी मंडळ नाही. इथे प्ले स्टोअरवर आयएआरसीचेच 3, 7, 12, 16, 18 हे आकडे दिसतात. ‘यूए 13 प्लस लावा’ असं काही जण सांगतात, पण ती वर्गवारी सिनेमा आणि ओटीटीसाठी आहे.

आता मुख्य चुकीकडे येऊ. समजा तुमचा गेम किल्ल्यावर घातलेल्या छाप्याचा आहे. मावळे तलवार चालवतात, शत्रूचे शिपाई पडतात. ग्राहक ‘हिंसा’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितात आणि कारण देतात, “रक्त कुठे दाखवलंय?” प्रश्नावलीत रक्ताचा प्रश्न वेगळा आहे आणि हिंसेचा वेगळा. वार माणसासारख्या पात्रावर होतो का, तो खऱ्यासारखा दिसतो का, पडलेल्याला वेदना होताना दिसतात का, मारामारी लुटुपुटूची आणि विनोदी आहे का, हे सगळं स्वतंत्रपणे विचारलं जातं. पेगीच्या निकषांत माणसासारख्या पात्रांवरची, पण खरी न वाटणारी हिंसा साधारण 12 वर जाते. ती खऱ्या आयुष्यासारखी दिसू लागली की 16. रक्ताचा एक थेंब नसला तरी.

इथे ‘नाही’ लिहिलं तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही, आकडा हवा तसा येतो. पण ही रेटिंगं नंतर तपासली जातात, बदलली जातात, आणि माहिती चुकीची दिल्याचं आढळलं तर दुकान गेम खाली उतरवू शकतं. तोवर तुम्ही जाहिरातीवर पैसे खर्च केलेले असतात, लोक गेम शोधत असतात आणि तो सापडत नसतो. म्हणून आमचं ग्राहकांना एकच सांगणं असतं : आकडा खाली हवा असेल तर गेम बदला, उत्तर बदलू नका. बरेचदा बदल लहान असतो. एखादा जवळून दाखवलेला घाव, एखादी किंकाळी, निःशस्त्र माणसावर वार करण्याची मुभा, एवढ्यानेच आकडा वर चढलेला असतो. तो नेमका कुठल्या दृश्यामुळे चढला हे आम्ही दृश्यागणिक लिहून देतो. मग ते दृश्य ठेवायचं की काढायचं, हा निर्णय तुमचा. इतिहासाचा गेम करणाऱ्या कितीतरी टीमना 12 हाच आकडा योग्य असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. बारा वर्षांच्या मुलाला लढाई समजते, सहा वर्षांच्याला ती घाबरवू शकते. हा फरक पालकांपर्यंत पोचवणं हेच तर या आकड्याचं काम आहे.

पत्त्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. गावाकडची दिवाळी दाखवताना ओसरीवर तीन पत्तीचा डाव टाकायचा मोह होतो. नाणी गेममधली, खरे पैसे कुठेच नाहीत, म्हणून ‘जुगार नाही’ असं भरलं जातं. प्रश्न मात्र जुगाराच्या नकलेबद्दलही असतो. जुगार शिकवणाऱ्या किंवा त्याला उत्तेजन देणाऱ्या नव्या गेमना पेगी 2020 पासून थेट 18 देतं. ऑस्ट्रेलियात 22 सप्टेंबर 2024 पासून जुगाराची नक्कल असलेला गेम आर 18 प्लसमध्ये जातो, आणि पैसे देऊन नशिबाची पेटी (आत काय निघेल ते आधी न कळणारी) उघडायची सोय असेल तर किमान ‘एम’, म्हणजे पंधरा वर्षांपुढच्यांसाठी सुचवलेलं रेटिंग लागतं. म्हणजे दोन मिनिटांच्या एका डावामुळे तुमचा अख्खा गेम प्रौढांचा होऊ शकतो. खऱ्या पैशांच्या खेळांवर आपल्याकडे 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे. तसली कामं आम्ही घेत नाही.

निकाल अन्यायाचा वाटला तर दाद मागता येते. ‘बालात्रो’ या गेमचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. त्यात पोकरचे हात आहेत, पण पैज लावणं नाही. तरी पेगीने 18 दिलं होतं. प्रकाशकाने अपील केल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये ते 12 झालं. अपिलाचा मार्ग आयएआरसीच्या प्रमाणपत्राच्या ईमेलमध्ये असतो. म्हणून प्रश्नावलीत इंटर्नचा किंवा काम सोडून गेलेल्या फ्रीलान्सरचा ईमेल टाकू नका, कंपनीचा कायमचा पत्ता टाका. त्या प्रमाणपत्राचा क्रमांक सहभागी दुकानांपैकी दुसऱ्या दुकानात जाताना पुन्हा उपयोगी पडतो.

जाता जाता स्वस्तिकाबद्दल. वाड्याच्या दारावर, रांगोळीत, देवळाच्या भिंतीवर ते आपल्या गेममध्ये सहज येतं आणि आलंच पाहिजे. पण जर्मनीत नाझी चिन्हांवर कायद्याने बंधन आहे, त्यामुळे कोणी शंका काढण्याआधीच त्या दृश्याचे स्क्रीनशॉट आणि दोन ओळींचा खुलासा आम्ही तयार ठेवतो.

आणखी एक गल्लत प्ले स्टोअरवरच होते. ‘कंटेंट रेटिंग’ आणि ‘टार्गेट ऑडियन्स’ हे दोन वेगळे फॉर्म आहेत. गेममध्ये आक्षेपार्ह काही नाही म्हणून 3 प्लस मिळालं, याचा अर्थ तो लहान मुलांसाठी बनवला आहे असा होत नाही. जास्त डाउनलोड मिळतील या आशेने सगळ्या वयोगटांवर टिक केली की तेराखालच्या मुलांसाठीचे कडक नियम लागू होतात, आणि तुमच्या जाहिरातींचा एसडीके (जाहिराती दाखवायला गेममध्ये जोडलेलं तयार सॉफ्टवेअर) त्यांत बसत नसेल तर दुकान गेम परत पाठवतं. शिवाय आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते. जिथे खरंच लहान मुलं खेळणार आहेत, तिथेच ती टिक करा.

अ‍ॅपल आणि स्टीम (कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) यांची प्रश्नावली वेगळी असते. अ‍ॅपलने 2025 मध्ये जुने 12 आणि 17 काढून 4, 9, 13, 16, 18 असे आकडे केले. स्टीमवर नोव्हेंबर 2024 पासून रेटिंग नसलेला गेम जर्मनीत दिसतच नाही.

“रेटिंग फुकट आहे, मग तुमचं बिल कशाचं?” असंही विचारलं जातं. आयएआरसीची प्रश्नावली खरोखरच विनामूल्य आहे आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी ती जरूर स्वतः भरावी. आम्ही पैसे घेतो ते गेम शेवटपर्यंत खेळून, प्रत्येक संवाद वाचून, प्रत्येक ‘हो’ आणि ‘नाही’मागे पुरावा लावण्याचे. म्हणूनच अर्धवट बिल्डवर, म्हणजे गेमच्या अपुऱ्या आवृत्तीवर, आम्ही फॉर्म भरत नाही. शेवटच्या लेव्हलला दारूचा गुत्ता आला की आधीची उत्तरं वाया जातात. सणासुदीच्या अपडेटमध्ये नशिबाची पेटी किंवा चॅट घातलं, तरी प्रश्नावली पुन्हा भरावी लागते. आमच्याकडे काम दिलेल्या गेमची मूळ उत्तरं आणि पुरावे आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी काम लवकर उरकतं आणि पैसेही कमी लागतात.

काम देताना शेवटचा बिल्ड, सगळ्या लेव्हल उघडणारा चीट कोड, संवादांची पूर्ण फाइल, जाहिरात आणि खरेदीच्या एसडीकेंची यादी आणि कुठल्या देशांत विकायचं आहे ते पाठवा. रिलीजच्या किमान तीन आठवडे आधी पाठवलंत, तर एखादं दृश्य बदलायला तुमच्या हातात वेळ राहतो.