उपग्रहाला सावली दिसते, कॉफी दिसत नाही

युरोपात जाणाऱ्या कॉफीच्या प्रत्येक खेपेबरोबर लवकरच एक जास्तीची माहिती द्यावी लागणार आहे: ही कॉफी नेमकी कोणत्या जमिनीवर पिकली? गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव पुरणार नाही. अक्षांश-रेखांश हवेत, तेही दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. सहाव्या अंकाला तेच अंतर ११ सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वितीवर येतं.

हा युरोपीय महासंघाचा २०२३ चा कायदा. कॉफी, कोको, सोयाबीन, पाम तेल, रबर, लाकूड, गुरं आणि त्यांपासून बनणारा चॉकलेट, फर्निचर, टायर असा बराचसा माल त्यात येतो. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर हा माल पिकला असेल, तर तो युरोपात विकता येणार नाही. अंमलबजावणी दोनदा लांबली. आता मोठ्या कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ ही तारीख आहे. माझ्या मते ही दिरंगाई वाईटच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगातलं ४२ कोटी हेक्टर जंगल तुटलं. भारताच्या एकूण क्षेत्रफळाहून हा आकडा मोठा आहे, आणि यातली बहुतेक तोड शेती आणि गुरचरणासाठी झाली.

पण कायदा योग्य असला तरी कुठे जंगल तुटलं हे उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवणं सोपं नाही, आणि खरी अडचण आपल्या सह्याद्रीतच दिसते.

कर्नाटकातल्या कोडगूत कॉफीचा मळा म्हणजे उघडं शेत नव्हे. वर फणस, शिसवी, सिल्व्हर ओक, पांगारा अशी उंच झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर काही दिवसांनी इथून जातात आणि दहा मीटर बाय दहा मीटरचा एकेक चौकोन टिपतात. त्या चौकोनात दिसतो तो फक्त झाडांचा माथा. त्यांच्याच जोडीच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची रडारलहर ढगांतून आरपार जाते, पावसाळ्यात तिचा मोठा आधार. पण तिची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती दाट माथ्यावरच्या पाना-फांद्यांत विखुरते. खाली कॉफी आहे की रान, हे तिलाही नीट कळत नाही.

कायद्याच्या व्याख्येत जंगल म्हणजे किमान अर्धा हेक्टर जमीन, पाच मीटरहून उंच झाडं आणि दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाकणारं झाडांच्या माथ्यांचं छत्र; मात्र ती जमीन मुख्यतः शेतीखाली नसावी. म्हणजे सगळा निकाल जमिनीच्या वापरावर लागतो, आणि वापर वरून दिसत नाही. नकाशाने २०२० साली अशा मळ्याला जंगल ठरवलं आणि मालकाने पुढे म्हाताऱ्या झाडांची विरळणी केली, तर जंगलतोडीचा संशय त्याच्यावर यायचा. ज्याने झाडं राखली त्यालाच जाब द्यावा लागावा, हे मला अजिबात पटत नाही.

रबराचं नेमकं उलटं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांवर रान काढून लावलेलं रबर आपण पाहतोच. वरून तेही हिरवंगारच दिसतं. पण रबराचं झाड थंडीत पानं गाळतं आणि काही आठवड्यांत पुन्हा पालवतं. ही पानगळ एकाच वयाच्या, सारख्या अंतरावर लावलेल्या झाडांवर जवळजवळ एकदमच येते. मिश्र रानात प्रत्येक जातीची वेळ वेगळी. म्हणून अभ्यासक एकाच चित्रावर विसंबत नाहीत. वर्षभराची चित्रं लावून हिरवेपणाचा आलेख काढतात आणि त्यातल्या खळग्यावरून रबर ओळखतात. सावलीतली कॉफी असा खळगा देत नाही.

तिथे जास्त लांबीची लहर उपयोगी पडू शकते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहावर २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरीचं रडार आहे. ती लहर पानं ओलांडून जाड फांद्या आणि खोडांपर्यंत पोचते, त्यामुळे छत्राखालच्या रचनेचा अंदाज जास्त चांगला येतो. तरी झुडूप कॉफीचं आहे हे तीही सांगणार नाही. ते सांगतो जमिनीचा पीक नोंदलेला उतारा, आणि जागेवर जाऊन पाहणारा माणूस.

मे २०२५ मध्ये महासंघाने भारताला कमी जोखमीच्या देशांत घातलं, त्यामुळे तपासण्या कमी होतील. जागेचा पत्ता मात्र सुटलेला नाही. चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू पुरतो, त्यापुढे सगळी हद्द आखून द्यावी लागते. छोट्या मळेवाल्याला हा एक बिंदू जड नाही. जड आहे ते पुढचं: त्याचा माल व्यापाऱ्याकडे जातो, तिथून क्युरिंग कारखान्यात (जिथे वाळलेल्या कॉफीचं टरफल काढून बिया निवडतात), आणि वाटेत दहा जणांच्या गोणी एकत्र होतात. ठावठिकाणा नसलेला माल मिसळायला कायद्याची परवानगी नाही. एक बेनाव गोण सगळा लॉट अडवू शकते. अशा वेळी व्यापारी सोपी वाट धरेल आणि मोठ्या मळ्यांचाच माल उचलेल, ही भीती खरी आहे. म्हणून नोंदणीचा आणि गोणी वेगळ्या ठेवण्याचा खर्च कॉफी विकत घेणाऱ्या युरोपीय कंपन्यांनी उचलायला हवा. आज तो दोन-चार एकरवाल्याच्या भावातून कापला जाण्याचीच शक्यता जास्त आहे.