रिसालदाराची तलवार आणि ‘शिलेदार’ शब्दाचा गुंता

ब्रिटिश काळातली घोडदळाची तलवार लिलावात आली की तिचे वर्णन बहुधा दोनच प्रकारे होते: इंग्रज अधिकाऱ्याची खासगी, नाहीतर साध्या स्वाराला मिळालेली सरकारी. हिंदी रिसालदाराने, म्हणजे घोडदळातल्या भारतीय अधिकाऱ्याने, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या तलवारीला या दोन्हींत जागा नाही. ती का नाही, याचे उत्तर आपल्याच एका शब्दात आहे.

शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा. मराठेशाहीतला हा भेद इंग्रजांनी उचलला. पेशव्यांशी जून 1817 मध्ये झालेल्या तहातून पुण्यात जे घोडदळ उभे राहिले, ते या बांधणीचे होते, आणि पुढच्याच 1 जानेवारीला ते कोरेगावला पेशव्यांविरुद्ध उभे होते. 1857 नंतर तर बंगाल आणि मुंबईकडचे जवळजवळ सगळे हिंदी रिसाले, म्हणजे घोडदळाच्या पलटणी, शिलेदारी झाले. भरती होणारा स्वार ठरावीक रक्कम भरायचा, तिला ‘असामी’ म्हणत. त्यातून घोडा, खोगीर, कपडे, तलवार यांची सोय व्हायची. सरकार द्यायचे ते मुख्यतः बंदूक आणि काडतुसे. म्हणजे तलवार स्वाराची, बंदूक सरकारची. आज ‘शिलेदार’ म्हटले की नेत्याचा विश्वासू माणूस एवढेच डोळ्यांपुढे येते. शब्दातली मालकी पुसली गेली, आणि त्या तलवारीवरचा हक्कही नजरेआड झाला.

शिक्क्याने गोंधळ आणखी वाढवला. परजेवर, म्हणजे मुठीच्या संरक्षक भागावर, रिसाल्याचे नाव आणि क्रमांक ठोकलेला दिसला की ती सरकारी, असे सरसकट धरले जाते. मला हे मान्य नाही. शिलेदारी रिसाले लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून थेट माल मागवत आणि त्यावर स्वतःच्या खुणा करून घेत. अशी खूण हत्यार कोणत्या रिसाल्यातले ते सांगते. पैसे कोणी मोजले, हे तिच्यावरून ठरत नाही.

पात्यावरूनही फसगत होते. 1853 मध्ये छापलेल्या एका इंग्रज कॅप्टनच्या वृत्तांतात निजामाच्या स्वारांची हकीकत आहे. त्यांच्या तलवारींचे भयंकर वार ऐकून त्याने चौकशी केली, तर पाती निघाली गोऱ्या घोडदळाने मोडीत काढलेली! स्वारांनी त्यांना देशी मूठ चढवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. पोलादी म्यानात पाते घासून बोथट होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पाते विलायती म्हणून मालक विलायती, हा तर्क तिथेच कोसळतो.

1908 मध्ये सरळ, फक्त भोसकण्याची तलवार ठरली. हिंदी स्वारांसाठी तिची मूठ थोडी लहान केली. पिढ्यान्‌पिढ्या वक्र पात्याने कापायला शिकलेल्या हातांना हा बदल रुचणे अवघड होते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये घोडे आणि सामान भरून काढणे शिलेदारीला झेपेना. तो भार सरकारला उचलावा लागला. 1921 च्या फेररचनेत ही पद्धत संपली आणि 39 रिसाल्यांचे 21 झाले. तिथून पुढे स्वाराची तलवार खरोखरच सरकारी झाली. आज आपण त्याच चष्म्यातून आधीच्या शंभर वर्षांकडे पाहतो.

इंग्रज अधिकाऱ्याचे तसे नाही. लंडनच्या एका नामांकित कारखान्याने 1850 च्या दशकापासून आपल्या उत्तम तलवारींच्या पाठीवर क्रमांक घातले आणि नोंदवह्या ठेवल्या. दीडशे वर्षांनी क्रमांक कळवला तर अनेकदा मूळ गिऱ्हाईक सापडते. रिसालदारासाठी अशी वही नाही. त्याच्या तलवारीची ओळख शोधायची तर पेन्शनचे कागद, घराण्यातली सनद, पदकाच्या कडेवर कोरलेले नाव, एवढेच धागे उरतात. म्हणून ज्यांच्या घरी अशी तलवार आहे, त्यांनी तिच्याबरोबरचे जुने कागद आणि पदके वेगळी करू नयेत.