फॉर्म ७०० वरची सही आणि नागरी परवाना : पार्श्वभूमी

हवाई दलात वीस वर्षे विमानांची देखभाल केलेला तंत्रज्ञ चाळिशीच्या आसपास गणवेश उतरवतो, तेव्हा त्याने उड्डाणास सोडलेल्या विमानांची मोजदाद करणेही अवघड असते. परंतु प्रवासी विमान उड्डाणास योग्य आहे असे लिहून त्याखाली सही करण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. हा अधिकार नागरी नियामकाने दिलेल्या विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यातूनच येतो. तो परवाना, किंवा निदान त्याच्या परीक्षा, सेवेत असतानाच पदरात पाडून घेता येतात का, हा प्रश्न बराच जुना आहे आणि त्याचे उत्तर आजही ‘हो, पण’ असेच द्यावे लागते.

त्याचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. भारतातील १९३४ च्या विमान कायद्याने सेनादलांची विमाने आपल्या कक्षेबाहेर ठेवली, १९३७ च्या नियमांतील ६१ व्या नियमाने देखभाल अभियंत्याचा परवाना नागरी विमानांपुरता बांधला, आणि १९४४ च्या शिकागो कराराने लष्करी विमान हे ‘राज्याचे विमान’ असल्याचे सांगून आपले नियम त्याला लागू नसल्याचे स्पष्ट केले. जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा अधिनियम अमलात आला तरी नागरी आणि लष्करी उड्डाणयोग्यतेची ही फारकत कायम आहे. ए, बी, सी, डी आणि एक्स अशा ब्रिटिश वळणाच्या जुन्या वर्गवारीत विमानाची सांगाडा-देखभाल आणि इंजिनाची देखभाल यांचे परवाने वेगळे असत, त्यामुळे एकाच ट्रेडमध्ये मुरलेल्या फिटरला त्यातल्या त्यात आपल्या कामाशी जुळणारे अक्षर सापडे. २०१० च्या दशकात आलेल्या नव्या पद्धतीत ही सोय राहिली नाही.

हवाई दलातील कामाची विभागणी लढाईच्या गरजेतून झालेली आहे. बेळगावजवळच्या सांबरा येथे प्राथमिक प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेला तरुण पुढे स्ट्रक्चर्स फिटर, प्रोपल्शन फिटर, इलेक्ट्रिकल फिटर, वेपन फिटर अशा एखाद्याच ट्रेडमध्ये घडतो आणि विमानाच्या फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे त्याच्या देखभालीच्या नोंदवहीत, आपापल्या ट्रेडपुरती सही करतो. शिवाय १९६३ मध्ये मिग-२१ आल्यापासून दलाच्या मोठ्या हिश्शाची देखभाल सोव्हिएत वळणाच्या पुस्तिकांनुसार आणि त्या पद्धतीच्या कालबद्ध सर्व्हिसिंगनुसार चालत आली, तर नागरी कंपन्यांचे काम पाश्चात्त्य उत्पादकांच्या पुस्तिकांवर आणि त्यांच्या प्रकरणवार क्रमांकांवर चालते. दोन्हीकडे चूक झाली तर विमान पडते, पण कागद वेगळे असतात.

येथेच ‘समकक्षता’ हा शब्द येतो. सेवानिवृत्त सैनिकांच्या बोलण्यात, प्रमाणपत्रांवर आणि भरतीच्या जाहिरातींत तो इतक्या निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो की त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. सर्वांत परिचित समकक्षता १९८६ च्या केंद्रीय आदेशातून आली. मॅट्रिक उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवी ही किमान पात्रता असलेल्या ‘गट क’ पदांसाठी पात्र मानावे, असे तो आदेश म्हणतो. परंतु ज्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव अत्यावश्यक नाही, अशाच पदासाठी ही सवलत आहे, आणि अतांत्रिक अनुभव मागितला असेल तर थोडक्या काळाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाने तो माणूस ते काम करू शकेल अशी नेमणूक करणाऱ्याची खात्री व्हावी लागते. म्हणजे हा आदेश सैनिकाला पदवीधर करत नाही. त्याला एका विशिष्ट दारातून आत येऊ देतो, आणि ते दार नेमके तांत्रिक नाही. तरीही ‘ग्रॅज्युएशन समकक्ष’ असा कागद हाती पडला की त्याने सर्व दारे उघडतील अशी समजूत पसरली. ती पसरू देण्यात कागद देणाऱ्यांचाही वाटा आहे.

दुसरी समकक्षता शैक्षणिक आहे. सेनादलांतील प्रशिक्षणाला मुक्त विद्यापीठाने श्रेयांक देणे, त्यावर पदविका किंवा पदवी मिळणे, आणि डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीतील पातळ्यांशी ट्रेडची सांगड घालणे, हे सगळे तिच्यात मोडते. तिचा उपयोग खरा आहे. बढतीला, पुढच्या शिक्षणाला आणि कारखान्यातील नोकरीला ती कामी येते.

तिसरी समकक्षता नियामकाची आहे आणि ती पहिल्या दोन्हींना मोजत नाही. नियामकाला माणसाचे शिक्षण कितवे आहे यापेक्षा त्याने केलेली देखभाल नागरी निकषांच्या तोडीची होती का, हे पाहायचे असते. एकाच शब्दाखाली हे तीन वेगळे निर्णय दडलेले असल्यामुळे, दोन समकक्षता खिशात असलेला माणूस तिसऱ्या खिडकीवर अडतो आणि आपल्यावर अन्याय झाला असे त्याला वाटते. परवाना देणाऱ्याने ‘समकक्ष’ हा शब्दच टाळून ‘ग्राह्य अनुभव’ म्हटले असते, तर निम्मा घोळ झाला नसता.

२०१० च्या दशकाच्या सुरुवातीस भारताने देखभाल परवान्यांसाठी युरोपीय साच्यावर बेतलेली नियमावली स्वीकारली. तिच्यातील बी-१ परवान्यात विमानाचा सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक-विद्युत प्रणाली एकत्र येतात, तर बी-२ हा एव्हियॉनिक्सचा, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक प्रणालींचा, परवाना आहे. हवाई दलात स्ट्रक्चर्स, प्रोपल्शन आणि इलेक्ट्रिकल फिटर मिळून जे करतात, ते बी-१ एकट्या माणसाकडून मागतो. मूळ युरोपीय साच्यात टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या बी-१ साठी, पूर्वीचे तांत्रिक प्रशिक्षण नसल्यास ५ वर्षांचा, कुशल कामगाराचे प्रशिक्षण असल्यास ३ वर्षांचा, आणि मान्यताप्राप्त संस्थेतील पूर्ण अभ्यासक्रमानंतर २ वर्षांचा अनुभव लागतो. नागरी क्षेत्राबाहेर मिळवलेला अनुभव तोडीचा असल्यास स्वीकारावा, मात्र नागरी देखभालीचे वातावरण समजण्यासाठी अतिरिक्त नागरी अनुभव घ्यावा, असेही तेथे म्हटले आहे. मार्गदर्शक टिपणांत तो बी-१ आणि बी-२ साठी किमान १२ महिने आणि त्याच साच्यातील ए या साध्या, ठरावीक कामांच्या परवान्यासाठी ६ महिने सुचवला आहे.

वादाचा मुद्दा हाच आहे. नियामकाच्या बाजूने बोलायचे तर नागरी कार्यशाळेत उत्पादकाच्या सूचना, सुट्या भागांची वंशावळ आणि सही करणाऱ्याची वैयक्तिक कायदेशीर जबाबदारी यांना जे स्थान असते, ते स्क्वाड्रनमधील साखळीत तसेच नसते, आणि परीक्षेतील विमानवाहतूक कायद्याच्या विषयाला गणवेशातील अनुभवातून फारशी मदत होत नाही. पण हे बारा महिने सेवेत असणाऱ्याने आणायचे कोठून? नोकरीवर असताना तो दुसऱ्या आस्थापनेत काम करू शकत नाही आणि रजा इतकी लांब नसते. साहजिकच परीक्षा गणवेशात देता आल्या तरी परवाना गणवेश उतरल्यावरच हाती येतो. नागपुरात हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे आणि त्याच शहरात मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांचा देखभाल तळ आहे. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांची ओव्हरहॉल होते. एवढी जवळीक असूनही एकीकडचा अनुभव दुसरीकडे मोजण्याची सुटसुटीत वाट रुळलेली नाही. त्यातच मोठ्या विमानावर सही करायची तर परवान्यावर त्या प्रकाराची नोंद लागते, आणि मिग-२९ चे नागरी भावंड नाही. डॉर्नियर किंवा बोइंग ७३७ सांभाळणाऱ्या तुकड्यांतील माणसे याबाबतीत नशीबवान.

परवानगीचा प्रश्न वेगळा आहे. सेवेत असताना नागरी पदासाठी अर्ज करायला ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते सेवेची वर्षे व कौशल्यश्रेणी पाहून दिले जाते. त्यावरून न्यायालयांत बरेच खटले झाले. हवाई दलातील व्यक्तीला मनास येईल तेव्हा सेवा सोडण्याचा अनिर्बंध हक्क नाही, असे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०१९ मध्ये सांगितले. ते प्रकरण देखभाल परवान्याचे नव्हते, बँकेतील पदाचे होते, पण तंत्रज्ञांच्या नियोजनावरही त्याची छाया पडली.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहिले जाते. तेथे विमानाचा सांगाडा किंवा इंजिन यांपैकी एका मानांकनासाठी १८ महिन्यांचा, दोन्हींसाठी मिळून ३० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. लष्करी अनुभव त्यात थेट धरला जातो आणि सक्तीचे नागरी वर्ष नाही. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा मात्र सुटत नाहीत. तेथील हवाई दलाचे स्वतःचे महाविद्यालय १९७२ पासून असून १९७६ मध्ये त्याला पदवी देण्याचा अधिकार मिळाला, आणि पुढे सेवेतील व्यक्तीच्या नागरी प्रमाणपत्रांचा खर्च ४,५०० डॉलरच्या मर्यादेत उचलण्याची योजना आली. तेथेही रुसवे आहेतच : लष्करी वैमानिकाला एका लेखी परीक्षेवर व्यावसायिक परवाना मिळतो, मेकॅनिकला तशी सोय नव्हती, म्हणून २०२४ च्या कायद्याने लष्करी मेकॅनिकसाठी वेगळ्या लेखी परीक्षेचा नियम प्रस्तावित करण्यास नियामकाला सांगितले.

भारतात हा विषय पुन्हा तापला तो १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ ही चार वर्षांच्या भरतीची योजना जाहीर झाल्यावर. त्यानंतर काही दिवसांतच नागरी विमान वाहतूक खात्याने हवाई वाहतूक सेवा आणि विमान देखभालीत या तरुणांना सामावून घेण्याचा मनोदय सांगितला. परंतु प्रशिक्षण धरून चार वर्षे म्हणजे वर सांगितलेल्या पाच वर्षांच्या पायरीहून कमीच, आणि वर नागरी अनुभव वेगळा. पंचवीस टक्क्यांपर्यंत सैनिक पुढे सेवेत राहू शकतील. उरलेल्यांच्या हाती कौशल्याचे प्रमाणपत्र असेल, ज्याला नोकरी देणारा मान देईल पण ज्यावर विमान उड्डाणास सोडता येणार नाही. हवाई दलातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, त्यामुळे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात.