‘संस्था रजिस्टर्ड आहे ना?’ : धर्मादाय नोंदणी वेगळी, ८०जी वेगळं

जुलै महिना आला की आमच्या आत्याचा फोन येतो. रिटर्न भरायचं असतं आणि तिला ते सीएकडे नेण्याआधी माझ्याकडून एकदा बघून हवं असतं. मागच्या खेपेला तिने एक पावती समोर ठेवली. अकरा हजार रुपये, रोख. पावतीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत संस्थेचं नाव, त्याखाली ‘नोंदणी क्र. एफ’ आणि पुढे आकडा, आणि अगदी तळाशी, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा टायपात, ‘देणगी ८०जी सवलतीस पात्र’.

८०जी म्हणजे देणगीदाराला करात वजावट देणारं आयकर कायद्यातलं कलम. पण ही सवलत मिळणार नव्हती. मी तसं सांगितल्यावर ती उसळलीच. “अरे, पण संस्था रजिस्टर्ड आहे ना? वर नंबर आहे की! मी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करते.”

मी एका गावच्या वाचनालयाचा कोषाध्यक्ष आहे आणि हा प्रश्न वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकतो. एखाद्या संस्थेबद्दल शंका आली की माणसं ‘रजिस्टर्ड आहे का’ एवढंच विचारतात. पण महाराष्ट्रातल्या धर्मादाय संस्थेची नोंदणी बहुतेकदा निदान दोन ठिकाणी असते. त्या दोन नोंदण्यांचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, आणि त्या कचेऱ्यांना पडणारे प्रश्नही वेगळे. आत्याच्या पावतीवर वरचा नंबर एका घरचा होता आणि तळाची ओळ दुसऱ्या घरची.

वरचा नंबर आधी घेऊ. तो येतो राज्याच्या कायद्यातून. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, ज्याच्या नावात आता मुंबईऐवजी महाराष्ट्र आलं आहे. तो सांभाळणाऱ्या धर्मादाय आयुक्तांची मुख्य कचेरी मुंबईत वरळीला, जिल्ह्याजिल्ह्यांत उपायुक्त किंवा सहायक आयुक्त. विश्वस्तपत्र करून काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला सहसा ‘ई’ नंबर मिळतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सभासदांनी मिळून काढलेल्या संस्थेला ‘एफ’. शिवाय अशा संस्थेकडे ‘महाराष्ट्र/अमुक/पुणे’ असा आणखी एक नंबर असतो, कारण ती आधी सोसायटी म्हणून नोंदली जाते आणि मग विश्वस्तव्यवस्था म्हणून. हे अक्षर क्षुल्लक वाटतं, पण तक्रार करायची वेळ आली की तेच कामाला येतं.

या कचेरीला मुख्यतः एवढंच हवं असतं: ही मालमत्ता लोकांची आहे, तर ती कोणाच्या ताब्यात आहे? म्हणून तिथल्या दप्तराचा गाभा म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा. सगळे त्याला पीटीआर, म्हणजे पब्लिक ट्रस्ट रजिस्टर, म्हणतात. नक्कल फी भरली की मिळतो. सातबारा वाचता येणाऱ्याला तो वाचायला अवघड नाही: संस्थेचं नाव, विश्वस्तांची नावं आणि पत्ते, विश्वस्त कसे नेमायचे याची रीत, उद्दिष्टं, जंगम मिळकत, स्थावर मिळकत, उत्पन्नाची साधनं, बोजा. जुन्या संस्थांचे उतारे हस्ताक्षरातले, एकेका रकान्यात तीन पिढ्यांच्या शाया. विश्वस्त बदलला, जागा घेतली, काहीही बदललं तरी नव्वद दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षं दिला जात नाही, किंवा दिलेला असतो आणि वादामुळे मंजूर होत नाही. कागदावर सात विश्वस्त आणि त्यातले चार स्वर्गवासी, हे दृश्य या कचेरीत कोणालाच नवं नाही.

जागा विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. भाड्याने द्यायची असली तरी इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने परवानगीशिवाय देता येत नाही. त्यामुळे संस्थेचा मोक्याचा भूखंड गुपचूप बिल्डरच्या घशात गेला अशी शंका असेल, तर पहिला दरवाजा हाच. विश्वस्त सतत हिशेब देत नाहीत, आदेश धाब्यावर बसवतात, अफरातफर करतात, असं ठरलं तर कलम ४१डी खाली त्यांना निलंबित करता येतं, काढताही येतं. संस्था तशीच राहते, माणसं बदलतात. गणपतीची वर्गणी गोळा करायला नोंदणी नसलेली मंडळं ४१सीची परवानगी काढतात तीही इथलीच. आणि धर्मादाय रुग्णालयात गरिबाला खाट नाकारली तर त्याची दादही इथेच. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. या खाटांबद्दल आयकराकडे जाणारा माणूस मी पाहिला आहे. बिचारा रिकाम्या हाताने परतला.

आता पावतीची तळाची ओळ. ती केंद्राच्या आयकर कायद्यातली. तिथेही दोन पोटभाग आहेत आणि त्यांची सरमिसळ होतेच. १२ए, जिला २०२१ पासून १२एबी म्हणतात, ती नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून. ८०जी ही देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून. एक असून दुसरी नसलेल्या संस्था असतात. ८०जीची बहुतेक संस्थांसाठी मिळणारी वजावट देणगीच्या निम्मी, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजारांवरची रोख देणगी धरतच नाहीत. आत्याचा निकाल तिथेच लागला होता. पण पुढेही अडचण होती: २०२१-२२ पासून संस्थेने वर्षाच्या देणग्यांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायचं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. छापील पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आत्याकडे होती ती फक्त पावती.

(१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ लागू, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. पण लोकांच्या तोंडी ‘ऐंशी जी’च राहणार, म्हणून मीही जुनेच आकडे वापरतो आहे.)

धर्मादाय नोंदणी एकदा झाली की चालू राहते. आयकराची नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली, साधारणपणे पाच वर्षांची. २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान संस्थांची १२एबी नोंदणी दहा वर्षांची केली. अनेक संस्थांचे आदेश २०२६-२७ या करनिर्धारण वर्षापर्यंतचे होते, म्हणजे ३१ मार्च २०२६ ला संपणारे. पावतीपुस्तकं मात्र पाच-पाच हजारांच्या गठ्ठ्याने छापून घेतलेली असतात. कपाटात अजून तीन गठ्ठे शिल्लक असताना ‘८०जी पात्र’ ही ओळ कोण खोडतो? म्हणून आदेशाची पीडीएफ मागावी, त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते वाचावं. नोंदणी क्रमांकात संस्थेचा पॅन दिसतो, तो पावतीवरच्या पॅनशी ताडून पाहावा. आयकराच्या संकेतस्थळावर नाव शोधताही येतं.

आयकर खात्याला संस्थेचा अध्यक्ष कोण याची फारशी फिकीर नसते. त्याला बघायचं असतं की पैसा कुठे गेला. उत्पन्नाचे निदान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च झाले का? विश्वस्त, त्यांचे नातेवाईक, मोठे देणगीदार यांना संस्थेच्या पैशातून फायदा पोचला का? अध्यक्षांच्या मेहुण्याची गाडी संस्थेने भाड्याने घेतली आणि भाडं बाजारभावाच्या दीडपट, तर कलम १३ लागू होतं. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी काम’ एवढंच उद्दिष्ट असलेल्या संस्थेची धंदेवाईक मिळकत एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर गेली, तर सवलत धोक्यात. मंगल कार्यालय चालवून वर्षातून एकदा वह्या वाटणाऱ्या संस्थांनी हा आकडा पाठ करून ठेवायला हवा. इथे दोष सापडला तर शिक्षा वेगळी: विश्वस्त जागेवर राहतात, सवलत जाते आणि कराचं बिल येतं. नोंदणीच रद्द झाली तर साठलेल्या मालमत्तेवरसुद्धा कर लागू शकतो. २०१६ पासून तशी तरतूद आहे.

दोन्हीकडे ‘धर्मादाय’ हा शब्द एकच, पण त्याचा अर्थ तंतोतंत एक नाही. मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. ज्ञातिसंस्थेचं उदाहरण घ्या. अमुक ज्ञातीच्या मुलांसाठी पुण्यात वसतिगृह. धर्मादाय कार्यालयाच्या दृष्टीने ती चोख सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था, नोंदणी पक्की, हिशेब वेळेवर. पण आयकर कायदा म्हणतो, १ एप्रिल १९६२ नंतर एखाद्या विशिष्ट धर्मसमूहासाठी किंवा जातीसाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला सवलत नाही. तेव्हा ‘तुम्हाला ८०जी का नाही, काहीतरी काळंबेरं असणार’ असा संशय घेणं त्या संस्थेवर अन्याय आहे. तिने काहीही चुकीचं केलेलं नसतं. देवळाचंही तसंच. गुप्तदानाची पेटी निव्वळ धार्मिक संस्थेत ठेवली तर त्या निनावी पैशावर वेगळा कर नाही. तीच पेटी निव्वळ धर्मादाय संस्थेत ठेवली तर ठरावीक मर्यादेवरच्या निनावी देणग्यांवर तीस टक्के.

टाटांच्या सहा विश्वस्त संस्थांची गोष्ट यात बोलकी आहे. २०१५ मध्ये त्यांनी आयकराकडची नोंदणी आपणहून सोडत असल्याचं कळवलं. खात्याने रद्द केल्याचा आदेश काढला २०१९ मध्ये. वाद उरला तो तारखेचा, कारण तारखेवर कराचा आकडा ठरणार होता. आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये २०१५ चीच तारीख धरली. या सगळ्या काळात त्या विश्वस्त संस्था म्हणून कायम होत्याच. एक नोंदणी गेल्याने दुसरी जात नाही, हे याहून स्पष्ट दिसायचं नाही.

एफसीआरए ही तिसरीच भानगड, परदेशी देणगीसाठी, गृह मंत्रालयाकडची. आणि हे सगळं वरळीचं वर्णन सीमेपलीकडे लागू नाही. गोव्यात देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या देवस्थान नियमावलीने चालतो आणि प्रशासक म्हणून मामलेदार असतो. आयकराचा भाग मात्र पणजीत काय आणि पनवेलमध्ये काय, सारखाच.

तक्रार कोण करू शकतो, इथेही फरक आहे. आयकराकडे करचुकवेगिरीची तक्रार कोणीही संकेतस्थळावरून करू शकतो. पुढे काय झालं ते मात्र तक्रारदाराला बहुधा कळत नाही. धर्मादाय कार्यालयात उलट. तिथे चौकशी मागणारा ‘हितसंबंधित व्यक्ती’ असावा लागतो. देवळाच्या बाबतीत तिथे दर्शनाला जाण्याचा हक्क असलेला माणूस, सोसायटीच्या बाबतीत तिचा सभासद, इतर ट्रस्टमध्ये विश्वस्त किंवा लाभार्थी. आयुक्त आपणहून चौकशी लावू शकतात, पण नुसत्या देणगीदाराने ‘मी पैसे दिले होते’ म्हणून उभं राहणं पुरेसं ठरेलच असं नाही.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. अकरा हजारांच्या वजावटीचा विषय मिटला होता, पण तिच्या डोक्यात किडा शिरला होता. तिने मला संस्थेचा उतारा काढायला लावला. दोन आठवड्यांनी नक्कल हातात आली. आत्या विश्वस्तांच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली आणि तिसऱ्या नावावर थांबली.

“यांच्या तेराव्याला मी जेवून आलेय की रे. सात-आठ वर्षं झाली. मग बँकेत सही कोण करतं?”

हा प्रश्न आयकराचा नव्हता, पहिल्या दरवाजाचाच होता. मी म्हटलं, आत्या, पण तू तिथे फक्त देणगीदार. तिने उत्तर दिलं नाही. आत गेली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि लग्नपत्रिका, विजेची बिलं, काकांचे जुने पगारपत्रक उपसत बसली. अर्ध्या तासाने पिवळा पडलेला एक कागद घेऊन आली. त्याच संस्थेची पावती, १९९८ ची, दोनशे एकावन्न रुपये.

खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘आजीव सभासद वर्गणी’.