‘रडणारी स्त्री’ : भंगलेल्या चेहऱ्यामागचा इतिहास

पाब्लो पिकासोच्या ‘रडणारी स्त्री’ या १९३७ च्या तैलचित्रासमोर उभे राहिले की नजर आधी तोंडाभोवतीच्या थंड, निळ्या-पांढऱ्या भागावर जाते. तेथे रुमाल, बोटे आणि दात एकमेकांत असे गुंतले आहेत की कशामागे काय आहे हे ठरवता येत नाही. हे मोडलेल्या मनाचे चित्र आहे, असा अर्थ चटकन सुचतो; परंतु चेहरा असा तोडून रंगवण्याची रीत तोवर सुमारे तीस वर्षांची झाली होती आणि मुळात तिचा दुःखाशी संबंध नव्हता.

१९०७ नंतर पिकासो आणि चित्रकार जॉर्ज ब्राक यांनी घनवाद (क्यूबिझम), म्हणजे वस्तू पैलूंमध्ये तोडून रंगवण्याची शैली, घडवली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न पाहण्याचा होता. १९०९ च्या उन्हाळ्यात स्पेनमधील ओर्ता येथे पिकासोने आपल्या तेव्हाच्या सहचरी फर्नांद ऑलिव्हिए यांची जी चित्रे काढली, त्यांत कपाळ, गाल आणि मान यांचे पैलू पाडले आहेत ते त्या व्यथित होत्या म्हणून नव्हे, तर मस्तकाचा भरीवपणा सपाट कॅनव्हासवर उतरवायचा होता म्हणून.

या रीतीत शोक भरला तो १९३७ ने. स्पेनच्या यादवी युद्धात २६ एप्रिल रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका या बास्क गावावर बॉम्बवर्षाव केला. त्यावरील पिकासोच्या भव्य चित्रात मृत मूल कवटाळून आक्रोश करणारी आई आहे. ते चित्र पूर्ण झाल्यानंतरही रडणाऱ्या स्त्रीचे रूप तो पुन्हापुन्हा रंगवत राहिला आणि २६ ऑक्टोबरला, म्हणजे हल्ल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, हे चित्र झाले. स्पेनमधील चर्चमध्ये शोकाकुल मेरीच्या गालांवर काचेचे अश्रू बसवलेल्या मूर्ती असतात. ती परंपराही येथे आठवते.

चित्रासाठी चेहरा मिळाला तो पिकासोच्या तेव्हाच्या प्रेयसी डोरा मार यांचा. त्या स्वतः अतिवास्तववादी छायाचित्रकार होत्या आणि गेर्निकाचे चित्र टप्प्याटप्प्याने कसे घडले, हे त्यांच्याच छायाचित्रांमुळे आज पाहता येते. त्यांना केवळ ‘रडणारी प्रेयसी’ ठरवणारे वाचन मला अन्यायकारक वाटते. पिकासोने काढलेली आपली सगळी व्यक्तिचित्रे खोटी आहेत, असे त्यांनीच पुढे सांगितले होते.

शिवाय या चेहऱ्याची मोडतोड सर्वत्र सारखी नाही. निळ्या फुलाची लाल टोपी आणि विंचरलेले केस जवळजवळ शाबूत आहेत. फुटले आहे ते तोंड, जेथून हुंदका बाहेर पडतो.