सावळ्या कातडीलाही मेलानोमा होतो

‘आपली कातडी सावळी, आपल्याला त्वचेचा कॅन्सर होत नाही,’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मुंबईसारख्या शहरात मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या एका घातक कॅन्सरचं, प्रमाण वर्षाला लाखात एकाहूनही कमी. ऑस्ट्रेलियात ते कित्येक पटींनी जास्त. मात्र कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे तो अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं पोचतच नाही. तिकडे कोण बघतं? मग निदान उशिरा होतं आणि वाचू शकणारी माणसं दगावतात. याचं फार वाईट वाटतं.

आंघोळीनंतर तळवा उलटा करून बघा. मार लागून नखाखाली साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. पण नखावरचा काळा पट्टा जागचा हलत नसेल, रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.