पृथ्वीची गुणगुण आणि इंटरनेट सॅटेलाइट

पृथ्वीची गुणगुण म्हणजे भूकंप नसतानाही जमिनीत सतत चालू असलेली बारीक थरथर, आपल्याला ती कळत नाही पण भूकंपमापकावर चोवीस तास दिसते. बरीचशी समुद्रातून येते. उलटसुलट दिशेच्या लाटा एकमेकींवर आल्या की तळावरचा दाब कमीजास्त होतो आणि साधारण 4 ते 8 सेकंदांच्या लहरी जमिनीत शिरतात, हे गणित ब्रिटिश गणितज्ञ लाँगेट-हिगिन्स यांनी 1950 साली मांडलं. पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, त्यामुळे पावसाळ्यात तो खवळला की घाटमाथ्यावरही ही थरथर वाढते. याहून संथ, काही मिनिटांची गुणगुण जपानी शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दाखवली. गाड्या, कारखाने यांची थरथर वेगळी, ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जगभर चक्क निम्म्यापर्यंत खाली आली होती.

व्हॉट्सॅपवर फिरतं ते 7.83 हर्ट्झचं 'पृथ्वीचं हार्टबीट' मात्र जमिनीतलं नाहीच. ते शुमान रेझोनन्स, म्हणजे विजा कडाडल्या की जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीत घुमणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या इंटरनेट सॅटेलाइटनी ते बिघडवलं असं लोक बिनधास्त फॉरवर्ड करतात, पण हे सॅटेलाइट इंटरनेट खाली पाठवतात ते 10.7 ते 12.7 गिगाहर्ट्झवर, अब्जपटीहून जास्त, त्यामुळे या दोघांचा एकमेकांना धक्का लागत नाही. जमिनीच्या थरथरीशी तर त्यांचा काहीच संबंध नाही.

या सॅटेलाइटमुळे खरी काळजी नारायणगावजवळच्या खोडदची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिथे पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेची जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, आणि जागा निवडली ती रेडिओचा गोंगाट कमी म्हणूनच. आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण की जवळचा मोबाइलही त्यांना सहज झाकून टाकतो. मे 2019 मध्ये स्टारलिंकचे पहिले 60 सॅटेलाइट एकदम सुटले, 2025 पर्यंत कक्षेत सात हजारांवर गेले. नेदरलँड्सच्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने 2023 मध्ये दाखवलं की या सॅटेलाइटमधल्या इलेक्ट्रॉनिक्समधून 110 ते 188 मेगाहर्ट्झमध्ये नको असलेले सिग्नल गळतात, पुढच्या पिढीचे सॅटेलाइट तर 32 पटींपर्यंत जास्त गळके निघाले. जीएमआरटीचा एक बँड 120 ते 250 मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे हे थेट आपल्या दारात आलंय, आणि गावातला टॉवर लांब हलवता येतो पण शेकडो किलोमीटर वरून जाणारा सॅटेलाइट कुठे हलवणार, त्याची गळती बनवतानाच बंद करायला हवी.